‘रिपोर्टमध्ये जनुकाचे नाव आहे, म्हणजे आजार रक्तात आहे का?’

सोलापूरहून एका ३६ वर्षांच्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा आशय देतो.

त्यांच्या ६७ वर्षांच्या आईच्या मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातली कर्करोगाची गाठ चार महिन्यांपूर्वी शस्त्रक्रियेने काढली. त्याआधी आठ-नऊ महिने आईला थकवा होता आणि जिना चढताना दम लागत होता. हिमोग्लोबिन ७.४ पर्यंत उतरले होते आणि लोहाच्या गोळ्या चालू होत्या. गाठीच्या तपासणीत दुसरा टप्पा निघाला, लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या. पहिल्या रिपोर्टमध्ये ‘एमएलएच-१ आणि पीएमएस-२ ही प्रथिने गाठीत आढळत नाहीत’ असे होते. तीन आठवड्यांनी आलेल्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये ‘एमएलएच-१ च्या प्रवर्तक भागात मिथिलेशन आढळले, ब्रॅफ जनुकात व्ही६००ई बदल आढळला’ असे लिहिले होते. डॉक्टरांनी केमोची गरज नाही असे सांगितले, तेव्हा मावशींनी ‘त्यांनी आशा सोडली’ असा अर्थ काढला. एका चुलतभावाने मोबाइलवर शोधून ‘हा लिंच सिंड्रोम आहे, आनुवंशिक आहे’ असे घरात सांगितले. धाकट्या बहिणीचे लग्न आत्याच्या मुलाशी ठरत आले होते. हे ऐकल्यावर आत्यांनी ‘थोडे थांबू या’ म्हणून निरोप पाठवला. आईचे भाऊ ५२ व्या वर्षी ‘पोटातल्या गाठीने’ गेले होते, त्यामुळे भीतीला आणखी बळ आले. वडील चादरीच्या कारखान्यात जकार्ड मागावर आयुष्यभर काम केलेले. ते एवढेच म्हणाले, ‘कार्डच फाटले असेल तर त्यावरची प्रत्येक चादर तशीच निघणार.’ आईला मात्र यातले काही सांगितलेले नाही. ती आपल्या तिखट खाण्याला दोष देत बसते. याच सुमारास कोणीतरी ‘मिथिलेशन सुधारणारी’ पावडर महिन्याला चार हजार रुपयांना देऊ केली आहे. दोघी बहिणींनी रक्ताची तपासणी करावी का, आत्यांना काय सांगावे आणि ती पावडर सुरू करावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई,

तुम्ही दोन्ही रिपोर्ट शब्दशः उतरवून पाठवलेत, हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर दुसऱ्या रिपोर्टच्या दोन ओळींत आधीच आलेले आहे. चुलतभावाने पहिला रिपोर्ट वाचला आणि तिथेच थांबला. घरातली पुढची सगळी घालमेल त्या थांबण्यातून निर्माण झाली आहे. मी अनेक वर्षे पॅथॉलॉजीत काम केले. असे रिपोर्ट लिहिण्यात माझे आयुष्य गेले, आणि आम्ही लिहिलेला एखादा शब्द घरी पोहोचल्यावर किती वेगळा होऊन बसतो, हे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे ‘जनुक’ हा शब्द कानावर पडला की ‘आनुवंशिक’ हा शब्द आपोआप मागून येतो. तुमच्या घरातली पहिली गफलत इथेच झाली आहे. प्रत्येक कर्करोग हा जनुकांचाच आजार असतो, कारण पेशीचे वाढणे आणि थांबणे जनुकेच ठरवतात. पण बहुतेक कर्करोगांत जनुकांमधला बिघाड त्या एका अवयवातल्या पेशींत, वाढत्या वयात झालेला असतो. तो आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलांकडे जाणारही नसतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये जनुकाचे नाव आहे का, हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. तो बिघाड फक्त गाठीत आहे की शरीराच्या प्रत्येक पेशीत आहे, हे विचारावे लागते.

आता एमएलएच-१ कडे येऊ. पेशी दुभंगते तेव्हा तिला आपल्या डीएनएची, म्हणजे सुमारे सहा अब्ज अक्षरांची, नक्कल करावी लागते. नकलेत चुका राहतात. त्या हेरून दुरुस्त करणारी एक टोळी प्रत्येक पेशीत असते आणि एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२ व एमएसएच-६ हे तिच्यातले मुख्य कारागीर आहेत. ही दुरुस्ती कशी चालते याचा उलगडा करणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना टोमास लिंडाल आणि अझीझ संजार यांच्यासह २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे कारागीर जोडीने काम करतात. पीएमएस-२ ला एमएलएच-१ चा आधार नसेल तर ते टिकत नाही, म्हणूनच आईच्या रिपोर्टमध्ये दोन नावे एकत्र आली आहेत. नादुरुस्त जनुके दोन आहेत असा त्याचा अर्थ होत नाही. मूळ गडबड एकाच ठिकाणी, एमएलएच-१ मध्ये आहे.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी दिसते तेही सांगतो. गाठीचा अत्यंत पातळ काप काचेवर घेऊन त्याला असे रंगद्रव्य लावतात की जिथे ते प्रथिन आहे तिथे पेशीचे केंद्रक तपकिरी दिसते आणि जिथे नाही तिथे निळसर राहते. आईच्या स्लाइडवर गाठीच्या पेशींची केंद्रके निळी दिसली असतील, आणि त्यांना लागूनच असलेल्या निरोगी ग्रंथींची व पांढऱ्या पेशींची केंद्रके ठळक तपकिरी. हे ऐकून ‘म्हणजे बाकीचे शरीर निर्दोष’ असा निष्कर्ष काढावासा वाटेल. पण तो घाईचा ठरेल. आनुवंशिक दोष असलेल्या माणसाच्या निरोगी पेशीही तपकिरीच दिसतात, कारण त्यांच्यातली दुसरी, चांगली प्रत काम करत असते. म्हणूनच पहिल्या रिपोर्टवरून लिंच सिंड्रोम, म्हणजे या दुरुस्ती-जनुकांतला पिढीजात दोष, आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. तो रिपोर्ट फक्त पुढची तपासणी करा असे सांगतो. तुमच्या डॉक्टरांनी ती केली आणि तिचे उत्तर आले. कारागीर कामावर का नाही, ते दुसऱ्या रिपोर्टने सांगितले.

इथे तुमच्या वडिलांचे वाक्य मी उचलतो, कारण या विषयावर इतके नेमके उदाहरण मला सुचले नसते. जकार्डच्या पुठ्ठ्याच्या कार्डावर जिथे भोक असते तिथे उभा धागा उचलला जातो, जिथे नसते तिथे धागा खालीच राहतो. आता कार्ड कुठेही फाटलेले नाही, सगळी भोके जागच्या जागी आहेत, पण त्यांच्यावर कोणीतरी चिकटपट्टी लावली आहे अशी कल्पना करा. नक्षी उठणार नाही, तरी कार्ड मात्र शाबूत आहे. मिथिलेशन म्हणजे ही चिकटपट्टी. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच तो रेणूचा तुकडा डीएनएच्या ठरावीक अक्षरांवर चिकटतो. जनुक सुरू करणाऱ्या भागावर, ज्याला रिपोर्टमध्ये ‘प्रवर्तक’ म्हटले आहे, असे तुकडे दाटीने बसले की जनुक गप्प होते. अक्षरांचा क्रम न बदलता जनुक चालू किंवा बंद करणाऱ्या अशा बदलांना अधिजनुकीय किंवा एपिजेनेटिक बदल म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एमएलएच-१ अशा रीतीने बंद पडते, हे १९९७-९८ च्या सुमारास स्पष्ट झाले.

वडिलांना आणखी एक गोष्ट सांगा. ही चिकटपट्टी एकाच मागावरच्या कार्डाला लागली होती. तो माग, म्हणजे आतड्याचा तो भाग, शस्त्रक्रियेत काढून टाकला आहे. दुसऱ्या मागांवरची कार्डे वेगळी आहेत. लिंच सिंड्रोम म्हणजे ज्या मूळ कार्डावरून इतर सगळी कार्डे पाडतात तेच सदोष असणे. त्यांना भीती वाटली ती याची. शिवाय तुम्हा दोघींचा जन्म होऊन कितीतरी वर्षे गेल्यावर आईच्या आतड्यात झालेला बदल तुमच्यापर्यंत मागे येईल कसा?

पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या पाहण्यांत मोठ्या आतड्याच्या शंभर कर्करोगांपैकी साधारण १५ गाठींत ही दुरुस्ती-यंत्रणा बंद पडलेली आढळते. त्यांतल्या सुमारे १२ मिथिलेशनमुळे असतात आणि सुमारे ३ लिंच सिंड्रोममुळे. मिथिलेशनवाल्या गाठी उतारवयात, स्त्रियांमध्ये आणि आतड्याच्या उजव्या बाजूला अधिक सापडतात. आईचे वय, गाठीची जागा आणि रिपोर्टमधला ब्रॅफचा बदल या तिन्ही खुणा एकाच दिशेने जातात. यांत ब्रॅफची खूण सर्वांत वजनदार आहे, कारण लिंच सिंड्रोममुळे झालेल्या आतड्याच्या गाठींत व्ही६००ई बदल जवळपास कधीच सापडत नाही. तो नसता तर मात्र उलट अर्थ निघाला नसता. मिथिलेशनवाल्या अनेक गाठींतही तो नसतो.

ज्यांच्या घरी असाच कागद आला आहे पण मजकूर थोडा वेगळा आहे, अशा वाचकांना मला इथे थांबवायचे आहे. एमएलएच-१ आणि पीएमएस-२ गायब आहेत, पण मिथिलेशन नाही, असे असेल तर रुग्णाच्या रक्ताची जनुकीय तपासणी करायलाच हवी. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही जोडी गायब असेल तर मिथिलेशनच्या तपासणीसाठी थांबू नका, थेट रक्ताच्या तपासणीकडे वळा. एमएसएच-२ वरही कधी कधी मिथिलेशन दिसते, पण शेजारच्या ईपीकॅम नावाच्या जनुकाचा शेवटचा तुकडा तुटलेला असल्याने ते घडते आणि हे तुटणे पिढीजात असू शकते. तिथे चिकटपट्टी दिसली तरी मुळात कार्डच फाटलेले असते. आणि रुग्ण पन्नाशीच्या आतला असेल तर एमएलएच-१ चे मिथिलेशन सापडले तरी समाधान मानू नका. क्वचित काही माणसांत हे मिथिलेशन रक्तासह सगळ्या पेशींत जन्मापासून असते आणि ते रक्त तपासूनच कळते.

तुम्ही दोघी बहिणींनी आज रक्ताची तपासणी करावी, असे मला वाटत नाही. एक तर आईच्या बाबतीत आनुवंशिक दोषाचा पुरावा नाही. दुसरे म्हणजे अशी तपासणी करायचीच झाली तर ती नेहमी आजारी व्यक्तीपासून सुरू करावी लागते. आईत नेमका कोणता दोष आहे हे ठाऊक नसताना मुलीची तपासणी ‘काही सापडले नाही’ अशी आली, तर त्यातून दिलासाही मिळत नाही आणि दिशाही मिळत नाही. बाजारात थुंकीचा नमुना घेऊन शेकडो जनुके पाहणाऱ्या तपासण्या मिळतात. त्यांत अर्थ न लागणारे बदल सापडतात आणि घरातल्या काळजीत एकीची भर पडते.

हे सगळे लिहूनही एक गोष्ट मला डाचते आहे, ती म्हणजे तुमचे मामा. ‘पोटातली गाठ’ हे आपल्याकडे फार ढोबळ निदान आहे. जठराचा कर्करोग, यकृताचा आजार, आतड्याचा क्षयरोग, स्वादुपिंडाची गाठ यांतले काहीही त्या दोन शब्दांत मावते. मामांना ५२ व्या वर्षी मोठ्या आतड्याचाच कर्करोग झाला होता असे निघाले, किंवा आजी अथवा मावशांपैकी कोणाला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला होता असे कळले, तर माझे मत बदलेल. क्वचित प्रसंगी लिंच सिंड्रोम असलेल्या माणसाच्या गाठीतही मिथिलेशन सापडते, त्यामुळे तेव्हा आईच्या रक्ताची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरेल. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी वेगळी ओपीडी आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी तिथे पोहोचता येते. जाताना दोन्ही रिपोर्ट आणि तीन पिढ्यांची वंशावळ घेऊन जा. कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा आजार झाला, एवढे तीन रकाने पुरेत. त्यात आईकडचे आणि वडिलांकडचे असे दोन्ही नातेवाईक हवेत.

तुमच्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून गावोगाव जाऊन कर्करोगाच्या नोंदी ठेवल्या जात आहेत. भारतातली ती पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते घरी जाऊन विचारत, म्हणून कित्येक निदाने वेळेवर झाली. तुमच्या कुटुंबात हे विचारण्याचे काम तुम्हाला करायचे आहे.

आता केमोबद्दल. मावशींचा समज मनापासून दूर करा. दुरुस्ती-यंत्रणा बंद असलेल्या गाठींत चुका इतक्या साचतात की शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटू लागतात आणि ती त्यांच्यावर तुटून पडते. दुसऱ्या टप्प्यावर अशा गाठी काढल्यानंतर रुग्ण इतरांपेक्षा चांगले राहतात. याच गाठींत फ्लुरोयुरॅसिल हे नेहमीचे औषध एकटे दिल्याने या टप्प्यावर फायदा होत नाही, असेही अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे डॉक्टरांनी आईला उगाच होणारा त्रास वाचवला. रिपोर्ट नीट वाचणाऱ्या डॉक्टरचा हा निर्णय आहे. आणि पुढे कधी आजार उलटला, तो न उलटो, तर याच रिपोर्टमुळे प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी औषधे वापरण्याचा मार्ग खुला राहतो. दूर पसरलेल्या अशा आतड्याच्या कर्करोगात पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध पहिलाच उपचार म्हणून देण्यास २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणून ते दोन कागद लॅमिनेट करू नका, पण त्यांच्या चार प्रती काढून ठेवा. गाठीचे मेणातले ठोकळे रुग्णालयात किती वर्षे ठेवतात हेही विचारा, आणि ते टाकून देणार असतील तर आपल्या ताब्यात घ्या. पुढे कोणतीही नवी तपासणी करायची झाली तर त्याच ठोकळ्यांवर होते.

पावडरीबद्दल मी स्पष्टच लिहितो, ती घेऊ नका. ज्या मिथिलेशनबद्दल रिपोर्ट बोलतो ते आज आईच्या शरीरात नसून त्या मेणाच्या ठोकळ्यात आहे. शिवाय अशा पावडरींत बहुधा फॉलिक ॲसिड आणि ब-१२ यांचाच भरणा असतो. आतड्यात पूर्वी मोड (अस्तरावरच्या लहान वाढी, म्हणजे पॉलिप; मूळव्याधीचे मोड नव्हेत) आलेल्या लोकांना रोज १ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड देऊन केलेला एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवे मोड येणे कमी झाले नाही, उलट पुढच्या तपासण्यांत तीन किंवा अधिक मोड असलेले लोक त्या गटात जास्त निघाले. रक्ताच्या तपासणीत कमतरता दिसली आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर ती जरूर घ्यावी. पण ‘जनुके सुधारतात’ म्हणून घेऊ नये. मिथिलेशन काढणारी खरी औषधे आहेत, ती रक्ताच्या काही आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात आणि ती पावडरीच्या डब्यात मिळत नाहीत.

या पावडरीच्या मागे जो समज आहे तोच, थोड्या वेगळ्या रूपात, आईच्या मनातही आहे. एपिजेनेटिक म्हणजे ‘आपण केले म्हणून झाले’, असा अर्थ अलीकडे पसरला आहे आणि तो आजारी माणसाला फार जाचक ठरतो. मिथिलेशनच्या अशा खुणा आतड्याच्या अस्तरात वयाबरोबर साचत जातात. विडी-सिगारेट ओढण्याशी या प्रकारच्या गाठींचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. दारू, स्थूलपणा, बैठे आयुष्य, लाल मांस आणि विशेषतः प्रक्रिया केलेले मांस यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तिखट या यादीत नाही. तुमच्या पत्रावरून आई ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि शेंगांची चटणी खात आली आहे. ज्वारीतला कोंडा आतड्यासाठी चांगलाच असतो. तिने काही चुकीचे केल्यामुळे हे झाले नाही. हे तिला तुम्ही सांगायला हवे, आणि ते सांगायचे तर आजाराचे नावही सांगावे लागेल.

तुम्ही तिला काहीच सांगितले नाही, त्यामागची माया मला समजते. पण तिच्या पोटावर टाका आहे, ती दर तीन महिन्यांनी तपासणीसाठी रक्त द्यायला जाणार आहे आणि घरात कुजबुज चालली आहे. तिला काही कळत नसेल, हे मला पटत नाही. न सांगितलेल्या जागा ती तिखटाने भरते आहे. दुपारी स्वयंपाकघरात दोघीच असताना सांगा, फोनवर नको आणि चारचौघांत नको. ‘आई, आतड्यात कर्करोगाची गाठ होती, ती पूर्ण काढली आहे, गाठीचा प्रकार असा आहे की केमो लागत नाही, आणि हा आजार तुझ्याकडून आम्हाला येत नाही,’ एवढी चार वाक्ये पुरेत. मला वाटते, शेवटचे वाक्य ऐकून ती सर्वांत मोकळा श्वास घेईल.

आत्यांच्या निरोपाबद्दल तुम्ही विचारले आहे की रिपोर्ट दाखवावा की विषय झाकावा. झाकू नका. पण फाइल हातात देऊन परीक्षेला बसल्यासारखेही करू नका. वडिलांनी स्वतः जाऊन सांगावे, कारण बहिणीला भाऊच सांगू शकतो, की गाठीची खास तपासणी झाली आहे आणि जे दिसले ते पिढीजात प्रकाराकडे बोट दाखवत नाही. मामांची चौकशी पूर्ण झाली की मगच जा, म्हणजे हे वाक्य दुसऱ्यांदा बदलावे लागणार नाही. आता एक प्रश्न मी तुम्हालाही विचारतो. समजा उत्तर उलट आले असते, तर? लिंच सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो की मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. पण ज्याला तो माहीत असतो, त्याची विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी होते आणि मोड कर्करोग होण्याआधीच काढले जातात. घराण्यात दोष आहे हे कळलेले कुटुंब न कळलेल्या कुटुंबापेक्षा सुरक्षित असते. ज्या घराला हे कमीपणाचे वाटते, तिथे बहिणीला पाठवावे का, याचा विचार तिलाच करू द्या. ती २७ वर्षांची आहे आणि तुमच्या लांबलचक पत्रात तिला काय वाटते याबद्दल एकही ओळ नाही.

आत्यांना जनुकांचीच काळजी असेल तर एक गोष्ट नम्रपणे त्यांच्याही कानावर घालायला हवी. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात बाळात जन्मजात दोष असण्याची शक्यता इतर जोडप्यांच्या सुमारे दुप्पट असते. आकडा तरीही लहानच राहतो आणि अशी कितीतरी लग्ने सुखात नांदली आहेत. पण लग्नाआधी सल्ला घ्यायचा तर तो या कारणासाठी घ्यावा, तुमच्या आईच्या गाठीसाठी नव्हे.

आनुवंशिक दोष नाही म्हणजे तुम्हा बहिणींना काहीच करायचे नाही, असे मात्र समजू नका. आई किंवा वडिलांना हा कर्करोग झाला असेल तर मुलांचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त राहतो. चाळिशी गाठली की पोटविकारतज्ज्ञांना भेटून दुर्बिणीची तपासणी सुरू करा. तुम्हाला त्यासाठी चार वर्षे आहेत. मिथिलेशनवाल्या गाठी ज्या मोडांतून वाढतात ते चपटे असतात, त्यांच्यावर चिकट स्रावाचा थर असतो आणि ते उजव्या बाजूला दडून बसतात, त्यामुळे आतडे नीट साफ नसेल तर नजरेतून सुटतात. साफ करण्याचे औषध निम्मे आदल्या रात्री आणि निम्मे त्या दिवशी पहाटे घ्यायला सांगतात, ते तसेच घ्यावे. पहाटेचा ग्लास नकोसा होतो म्हणून अनेक जण तो टाळतात आणि तपासणीचा निम्मा उपयोग गमावतात. आईचीही शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने अशी तपासणी व्हायला हवी. एमजीएमटी नावाच्या दुसऱ्या एका दुरुस्ती-जनुकाचे मिथिलेशन काही रुग्णांत गाठीजवळच्या निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही सापडले आहे, म्हणजे गाठ गेली तरी उरलेल्या आतड्यावर नजर ठेवावी लागते. आजार परतल्याची चाहूल देणारी सीईए ही रक्ताची तपासणी पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी करतात. सीटी स्कॅन कधी करायचा ते डॉक्टर सांगतील.

आणि चाळिशीची वाट पाहू नये अशी काही लक्षणे आहेत. शौचातून रक्त जाणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, कारण नसताना वजन उतरणे. रक्त दिसले की आपल्याकडे मूळव्याध म्हणून मोकळे होतात आणि जाहिरातीतल्या दवाखान्यात दोन वर्षे घालवतात. उजव्या बाजूच्या गाठीचे रक्त तर डोळ्यांना दिसतही नाही, ते हळूहळू झिरपते आणि फक्त हिमोग्लोबिन उतरते. पाळी थांबलेल्या स्त्रीचे लोह कमी झाले तर ते कुठून जाते आहे हे शोधलेच पाहिजे. नुसत्या गोळ्या देऊन थांबता येत नाही. तुमच्या आईचे आठ महिने असेच गेले. तुम्हाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. गल्लीतल्या ज्या काकू आणि आजी आज लोहाचे टॉनिक पीत आहेत, त्यांच्यासाठी लिहितो आहे. तुमचा अनुभव त्यांना सांगा.

मामींना फोन या रविवारीच करा. त्यांच्याकडे जुनी फाइल निघाली तर त्यात बायोप्सीचा कागद आहे का ते आधी पाहा, त्यावर अवयवाचे नाव आणि गाठीचा प्रकार लिहिलेला असतो. कागद नसेल तर शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या साली झाली एवढे विचारून घ्या. डिस्चार्ज कार्ड सापडले तर मोबाइलवर लगेच फोटो काढा, कारण जुन्या थर्मल कागदावरची अक्षरे उडून जातात. मग ते फोटो आणि आईचे दोन्ही रिपोर्ट घेऊन पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच विचारा: ‘हे पाहिल्यावरही आईच्या रक्ताची तपासणी नको, असेच तुमचे मत आहे का?’